जिंकली तर देशाची, हरली तर जातीची

चळवळीच्या अंकात हॉकीवर अग्रलेख कशापायी, असं काही दोस्त विचारणार. विचारावंच. गावोगावचे अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्तीसाठी पोरं समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतायत, भरती निघत नाही, आणि हे संपादक महाशय स्टिक-चेंडू घेऊन बसलेत! पण दोस्तहो, खेळाचं मैदान जातीच्या बाहेर आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा अग्रलेख आहे. आणि खेळ हे आपलं काम नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तर आहेच आहे.

मी हॉकीचा शौकीन माणूस. चळवळीत आलो म्हणून हॉकी सुटली नाही आणि हॉकी पाहतो म्हणून चळवळ सुटली नाही. या दोन गोष्टी एकमेकींना येऊन भिडल्या त्या ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या वेळी. तेव्हा चार दिवस सगळे बोलले. निषेध झाले, पोस्टरं झाली, मग सगळे विसरले. विसरलेलं उकरून काढणं हे आपल्या पानांचं कामच आहे.

बाहेरच्या माणसाला नांदेड म्हटलं की गुरुद्वारा आठवतो. आम्हाला त्याच्या जोडीनं खालसा हायस्कूलचं मैदान आठवतं. गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं तिथं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरत आली आहे. सैन्याचे, पोलिसांचे, रेल्वेचे संघ येतात. मैदानाच्या कडेला शीख पोरं, मुसलमान पोरं, आपल्या वस्तीतली पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. धूळ खातात, ओरडतात. हॉकीचं वेड आमच्यात शिरलं ते असं, मैदानाच्या कडेला उभं राहून. टीव्हीवाल्यांनी ते शिकवलं नाही. टीव्हीला हॉकी चार वर्षांतून एकदा आठवते.

शौकीन माणूस खेळाडूवर जीव लावतो म्हणजे काय करतो? तो त्याची चाल ओळखतो. पाठमोरा पळताना दिसला तरी नाव सांगतो. तो कुठल्या गावचा, कुणाचा पोरगा, गुडघा कुठला दुखतो, हे त्याला माहीत असतं. रक्ताचं नातं नाही, ओळख नाही, पण तो हरला की याला जेवण जात नाही. हे वेड आहे, पण खोटं नाही.

माझा असा जीव लागलेला संघ म्हणजे २०२१ चा बायांचा संघ. रिओला २०१६ साली आपल्या बाया शेवटच्या, बाराव्या आल्या होत्या. त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. आणि संघ कुणाचा होता ते बघा. कर्णधार राणी रामपाल, हरियाणातल्या शाहबादची, बाप गाडा ओढायचा. नेहा गोयल सोनीपतची, आई सायकलच्या कारखान्यात राबली. निशा वारसी तिथलीच, बाप शिंपीकाम करणारा. सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेग्याची, निक्की प्रधान खुंटीची, दीप ग्रेस एक्का ओडिशाच्या सुंदरगडची. तिघी आदिवासी. सुशीला चानू मणिपूरची, लालरेमसियामी मिझोरमची. गुरजीत कौर अमृतसर जिल्ह्यातल्या खेड्यातली. आणि वंदना कटारिया, हरिद्वारजवळच्या रोशनाबादची, आपली. या देशात कोण राबतं आणि कुणाच्या राबण्यावर कोण जगतं, हे सांगायला एवढी एक यादी पुरेशी आहे. सोळा जणींत आख्खा बहुजन भारत उभा होता. हे कुठल्या सरकारी योजनेनं घडलेलं नव्हतं. या पोरींना हॉकी म्हणजे भाकरी होती. रेल्वेत नोकरी लागली तर घर उभं राहतं, हा हिशेब होता. कुलीनांच्या पोरींना त्या स्टिकची गरज नव्हती, म्हणून ती यांच्या हाती आली.

मी त्यांना खेळाडू म्हणून ओळखायचो. सविता गोलमध्ये उभी असली की छातीतली धडधड जरा कमी व्हायची. गुरजीत पेनल्टी कॉर्नर घ्यायला आली की श्वास रोखून धरायचो. सलीमा चेंडू घेऊन सुटली की खुर्चीतून उठायचो. वंदनाची गोष्ट वेगळी. ती दिसायचीच नाही. डीच्या आसपास कुठंतरी घुटमळत असायची, समोरच्या पोरीही तिला विसरून जायच्या, आणि चेंडू आला की गोलच्या तोंडाशी ही हजर. लांबून ठोकलेले दणदणीत गोल तिचे नव्हेत. नुसती स्टिक लावायची, दिशा बदलायची, झालं. लोकांना वाटतं नशीब. ज्यानं हॉकी पाहिली त्याला कळतं की तिथं वेळेवर पोचायला किती वर्षं पळावं लागतं.

आणि शौकीन माणूस शिव्याही देतो, हे लपवत नाही. चुकलेल्या पासला, वाया घालवलेल्या कॉर्नरला, आळसानं सोडलेल्या टॅकलला मी या पोरींवर घसा फुटेस्तोवर ओरडलोय. तो शौकिनाचा हक्क आहे. ज्याच्याकडून आशा असते त्याच्यावरच माणूस रागावतो. हा राग आणि पुढं रोशनाबादला जे झालं ते, या दोन गोष्टी एक नव्हेत. का नव्हेत, तेच या अग्रलेखात सांगायचंय.

टोकियोत पहिल्या तीन मॅची आपण हरलो. हॉलंडनं पाच गोल घातले, जर्मनीनं दोन, ब्रिटननं चार. घरोघरी टीव्ही बंद झाले. मग आयर्लंडला एका गोलनं हरवलं. ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेशी गाठ पडली. जिंकल्याशिवाय गत नव्हती. आपण ४-३ नं जिंकलो, आणि चारांतले तीन गोल एकट्या वंदनाचे. ऑलिंपिकच्या हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. तिचा बाप मे महिन्याच्या शेवटी गेला होता. सराव शिबिर बंगलोरला, कोरोनाचा पहारा, बापाचं शेवटचं तोंडही तिला बघता आलं नाही. गावातले लोक पोरीच्या जातीनं हॉकी खेळू नये म्हणत असताना जो बाप तिच्या मागं उभा राहिला, तो बाप. तीन गोल घातले तेव्हा तो नव्हता.

२ ऑगस्टला ऑस्ट्रेलियाला हरवलं. गुरजीतचा एक गोल, आणि मग शेवटपर्यंत तटबंदी. ऑस्ट्रेलिया म्हणजे हॉकीतली सत्ता! त्या दिवशी सगळा देश हॉकीचा जाणकार झाला. ज्यांना डी आणि कॉर्नर यांतला फरक माहीत नव्हता ते 'आमच्या मुली, आमच्या लेकी' म्हणून नाचत होते. मला वाईट वाटलं नाही. नाचू दे. पोरींनी कमावलं होतं.

४ ऑगस्ट. सेमीफायनल, अर्जेंटिनाशी. गुरजीतनं दुसऱ्याच मिनिटाला गोल घातला. मग अर्जेंटिनानं दोन घातले. आपण २-१ नं हरलो. हरलो म्हणजे हरलो. जगातल्या पहिल्या चार संघांत येऊन हरलो.

त्या संध्याकाळी रोशनाबादला वंदनाच्या घरासमोर सवर्ण पोरं जमली. त्यांनी फटाके फोडले. नाचले. घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झालेत, म्हणून हरले, असं ओरडले. कुटुंबानं पोलिसांना सांगितलेली ही हकीकत देशभरच्या पेपरांत छापून आली. सिडकुल पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला, अ‍ॅट्रॉसिटी लागली, काही जणांना अटक झाली. तिकडं टोकियोत पोरीला दोन दिवसांनी ब्राँझसाठी खेळायचं होतं.

आता विचार करा. पेपरांत काहींनी लिहिलं की पराभवानं निराश झालेल्या चाहत्यांचा संताप. कसला संताप? दोस्तहो, संतापानं फटाके फुटत नाहीत. मर्तिकाला कुणी फटाके फोडत नाही. फटाके आनंदाचे असतात. भारत हरला म्हणून त्या पोरांना आनंद झाला होता. का झाला? तर भारत जिंकला असता तर वंदना जिंकली असती, आणि ते त्यांना सोसणार नव्हतं. ३१ जुलैपासून गावात तिच्या नावाचा गजर चालला होता. महारा-मांगा-चांभाराच्या घरासमोर गाड्या थांबत होत्या, कॅमेरे येत होते. ते पाहून ज्यांच्या पोटात दुखत होतं त्यांना ४ ऑगस्टला औषध मिळालं. देश हरला तरी चालेल, पण दलिताची पोर वर चढता कामा नये. या देशातला सवर्णाचा राष्ट्रवाद उकलला की आत ही अशी बी सापडते.

याच साली, २४ ऑक्टोबरला, क्रिकेटमध्ये भारत पाकिस्तानशी हरला. त्या रात्री मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घालण्यात आल्या. आग्र्यात शिकणाऱ्या तीन काश्मिरी पोरांना पाकिस्तानच्या विजयाचा आनंद केला म्हणून धरलं आणि त्यांच्यावर राजद्रोहाचं कलम लावलं. म्हणजे मोबाईलवरचं कौतुक राजद्रोह होतं. पण भारताच्या पराभवाचे फटाके, तेही भारताच्याच खेळाडूच्या दारात फोडले, तर तो राजद्रोह होत नाही! मला कुणावरच राजद्रोहाचं कलम नको. ते इंग्रजांचं कलम आहे, त्यांनी टिळक-गांधींना लावलेलं. मी फक्त तराजू दाखवतोय. एका पारड्यात जात टाका, देश हलका होतो.

हा तराजू आपल्याला नवा नाही. १९७२ साली आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित बायांची विटंबना झाली. त्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत असताना, राजा ढाले यांनी 'साधना'त लेख लिहिला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर शिक्षा किती आणि दलित बाईची अब्रू घेतली तर किती, हा हिशेब त्यांनी मांडला. महाराष्ट्र हादरला. पण हादरला तो झेंड्यासाठी. बाईसाठी नाही. वंदनाच्या बाबतीत तर झेंडा आणि बाई वेगळ्या राहिल्याच नाहीत. तिच्या अंगावर भारताची जर्सी होती. ती जर्सी घातलेली असतानाच तिची जात काढली. झेंड्याची एवढी काळजी वाहणारे तेव्हा कुठं गेले होते?

आणि ऑगस्ट म्हटलं की नांदेड जिल्ह्याला आणखी काय आठवतं ते सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना त्या ऑगस्टमध्ये जाळून मारलं. नांदेडच्या गौतम वाघमारेनं १९९३ च्या नोव्हेंबरात स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं तेही अर्धंमुर्धं, नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं लागली. याउलट ६ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी एका ट्विटानं खेलरत्न पुरस्काराचं नाव बदलून मेजर ध्यानचंद केलं. ध्यानचंद मोठा माणूस, त्याचं नाव द्यायलाच हवं होतं. पण बघा, मनात असलं की नामांतर एका दुपारी होतं. कुणाचं घर जळत नाही. आणि त्याच दिवशी टोकियोत वंदना ब्राँझसाठी खेळत होती. तिच्या घरावरच्या फटाक्यांचा धूर निवायचा होता.

ती मॅचही सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. ब्रिटननं दोन गोल घातले. संपलं, असं वाटलं. मग गुरजीतनं दोन घातले. आणि मध्यंतराच्या तोंडावर तिसरा गोल, आपल्याला पुढं नेणारा, वंदनाचा. घरच्यांना शिव्या पडल्याचं कानावर आलेलं, बाप गेलेला, आणि ही बाई पुन्हा गोलच्या तोंडाशी वेळेवर हजर! शेवटी ४-३ नं हरलो. सगळ्या पोरी मैदानावर बसून रडल्या. मीही रडलो. त्यात लाज कसली?

एक महिना आधी, ११ जुलैला, लंडनमध्ये इंग्लंड फुटबॉलच्या युरो कपची फायनल हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी चुकल्या. तिघं काळे. त्या रात्रीपासून त्यांच्यावर वर्णद्वेषी गरळ ओकली गेली. मँचेस्टरमध्ये भिंतीवर रॅशफर्डचं चित्र होतं, ते कुणीतरी विद्रूप केलं. म्हणजे गोरा सवर्णही आपल्या सवर्णाचाच भाऊ. जिंकला तर इंग्लंडचा, हरला तर काळा. पण तिथं पुढं काय झालं ते लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीसमोर लोकांची रीघ लागली. बायाबापड्या, शाळकरी पोरं. त्यांनी चिठ्ठ्या लिहून, कागदी बदाम कापून ती घाण झाकून टाकली. साधे फुटबॉलचे शौकीन होते ते. रोशनाबादच्या दारात असे किती शौकीन गेले? सरकारनं बक्षीस जाहीर केलं, २०२२ ला पद्मश्री दिली. ठीक आहे. सरकारचं काम सरकारनं केलं. पण चाहत्यांचं काम चाहत्यांनी केलं का?

खेळातली ही जात काही २०२१ ला उगवलेली नाही. पाळवणकर बाळू हा चांभाराचा पोर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. त्याच्या चेंडूवर हिंदूंचा संघ जिंकायचा. पण पुण्यात त्याला चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. त्याच्या हातचा चेंडू चालायचा, कप चालायचा नाही. कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. हॉकीत तर सुरुवातच बघा. १९२८ ला ॲम्स्टरडॅमला भारतानं पहिलं सुवर्ण आणलं, त्या संघाचा कर्णधार जयपालसिंग मुंडा, आदिवासी. पुढं हाच माणूस घटना समितीत आदिवासींच्या बाजूनं उभा राहिला. तिथं बाबासाहेब होते, तिथं हेही होते. शाळेच्या पुस्तकात हे दोन्ही एका पानावर किती पोरांनी वाचलंय?

आणि मुंबईची गोष्ट. एप्रिल २०११ मध्ये वानखेडेवर क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला, खेळाडूंवर कोटींची बरसात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमध्ये हॉकीच्या संघानं पाकिस्तानला हरवून एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. शूटआउटमधला निर्णायक गोल युवराज वाल्मीकीचा. त्याचं घर वानखेडेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मरीन लाइन्सला. झोपडी. तिथं वीज नव्हती. आणि जिंकून आलेल्या संघाला हॉकी इंडियानं देऊ केले माणशी पंचवीस हजार रुपये. पोरांनी ते नाकारले, तेव्हा कुठं सरकार हललं. वानखेडेच्या दिव्यांचा उजेड ज्या झोपडीवर पडतो त्या झोपडीत दिवा नाही. 'देश' नावाचा शब्द उच्चारताना हे चित्र डोळ्यांपुढं ठेवत जा.

आता दुसऱ्यांना बोलून झालं. जरा आपल्याकडं वळू.

वंदनाच्या घरावर हल्ला झाल्यावर आपल्या वस्त्यांत तिची पोस्टरं लागली. 'भीमाची वाघीण' वगैरे. छान. एका पोरानं मला सांगितलं, "दादा, ही आपलीच हाय की!" मी विचारलं, कोणत्या जागी खेळते? त्याला सांगता येईना. अर्जेंटिनाची मॅच पाहिलीस का? नाही. त्यानंतर एखादी पाहिलीस? नाही. त्याचा दोष नाही, त्याच्यापर्यंत ती मॅच कुणी पोचवलीच नाही. पण आपण हे समजून घ्यायला हवं. सवर्णानं तिची फक्त जात पाहिली, शिवी द्यायला. आपणही तिची फक्त जात पाहिली, हार घालायला. हार आणि शिवी एक नव्हे, मी तसं म्हणत नाही. पण तिचा खेळ दोघांनीही पाहिला नाही. त्या बाईनं ३२० सामने खेळले, १५८ गोल घातले. ब्राँझच्या त्या मॅचनंतरही ती साडेतीन वर्षं खेळली. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली, तेव्हा गालाचं हाड मोडल्यानं ती बाहेर होती. आपला संघ जपानशी हरला आणि पॅरिसला जाऊ शकला नाही. १ एप्रिल २०२५ ला तिनं निवृत्ती जाहीर केली. त्या दिवशी किती वस्त्यांत पोस्टर लागलं? अत्याचार झाला की आपली, आणि निवृत्त झाली तर कुणाचीच नाही, असं कसं चालेल? आपल्या माणसाला फक्त जखमेवरून ओळखायची सवय आपल्याला लागलीय. ती मोडली पाहिजे.

दुसरं. आपण पोरींना मैदानावर सोडतो का? रोशनाबादच्या त्या बापानं गाव काय म्हणेल याची पर्वा केली नाही. आपण जयंतीला भाषणात सावित्रीमाईचं नाव घेतो आणि घरी गेलो की बहिणीला म्हणतो, आता मोठी झालीस, अर्धी चड्डी घालून कुठं पळतीस? हे सवर्णानं शिकवलेलं सोवळंच आहे. ते आपण मुकाट्यानं उचललं आणि घरात आणून ठेवलं.

तिसरं, लातूर. कामानिमित्त माझं लातूरला नेहमी जाणं होतं. लातूर पॅटर्नचा देशभर डंका आहे. आपली पोरं-पोरीही कर्ज काढून तिथं येतात, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. यावंच. शिका हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे. पण एकेका खोलीत चार-चार पोरं कोंडलेली, पहाटे क्लास, दिवसा कॉलेज, रात्री टेस्ट. वर्ष-वर्ष मैदान बघत नाहीत. पाठीला बाक, डोळ्याला चष्मा, मनात सतत मार्कांची भीती. मी विचारलं की म्हणतात, "खेळून काय करायलाव भाऊ, नंबर लागला पाहिजे." पोरं खोटं बोलत नाहीत. गरिबाला एकच डाव मिळतो, हरला तर घर बसतं. म्हणूनच मी हा मुद्दा मांडतोय. हरण्याची ऐपत फक्त वरच्यांना आहे. त्यांचा पोर एकदा नापास झाला तर पुन्हा बसतो, पैसे भरून सीट घेतो. आपला पोर नापास झाला की 'राखीववाले असेच' म्हणून आख्खी जात नापास ठरते. आणि पास झाला तर 'अपवाद'. वंदनाच्या दारातले फटाके आणि आपल्या पोराच्या निकालादिवशीचं हे कुजबुजणं, यांची दारू एकाच कारखान्यातली आहे.

मैदान नाही ही सबब मात्र नुसती सबब नाही. हॉकी मातीवरून उचलून टर्फवर नेली १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून. त्या वर्षी भारत सातवा आला. टर्फला कोटी-कोटी रुपये लागतात आणि मॅचच्या आधी त्यावर पाण्याचे फवारे मारावे लागतात. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, त्या लातूरच्या पोरीनं ओल्या टर्फवर सराव कुठं करायचा? खेळ महाग केला की गरीब आपोआप बाहेर पडतो, त्याला हाकलावं लागत नाही. पूर्वी पाणवठा बंद करत होते, आता पाणी पिणाऱ्या गवताचं मैदान. म्हणून मागणी करायची तर टर्फचीही करू, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचं मातीचं मैदान गिळायला टपलेल्यांशीही भांडू. सिमडेग्याच्या पोरी मातीवरच शिकल्या आणि टोकियोपर्यंत गेल्या.

काय करायचं? भाषण नको, काम सांगतो. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एका शाळेच्या संघाच्या स्टिका येतात. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळानं एवढं एक करून दाखवावं. नांदेडला स्पर्धा भरते तेव्हा आपल्या वस्त्यांतल्या पोरींना घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहावं. टीव्हीवर बायांची मॅच असेल तर विहारात लावावी, मग समोर कुणीही असो, आपण जिंको वा हरो. कोण कुठं खेळतं ते पोरांना सांगावं. सलीमा टेटे मे २०२४ मध्ये या संघाची कर्णधार झाली. जयपालसिंगांच्या मातीतली ही पोर, तिचं नाव तरी वस्तीत माहीत असावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या खेळाडूला हरण्याचा हक्क मिळवून द्यायचा. जिंकण्याचा हक्क ती स्वतः मिळवते, त्याला आपली गरज नाही. हरल्यावर मात्र तिच्या दारात कोण उभं राहतं, हा प्रश्न आपला आहे. ती हरली तर खेळाडू म्हणून हरली पाहिजे. तिचा पास चुकला तर पासला शिव्या द्या, मी पहिला देईन. कॉर्नर वाया गेला तर डोकं आपटून घ्या. पण तिच्या पराभवाला कुणी जात चिकटवायला आला, मग तो रोशनाबादचा असो की आपल्या आळीतला, तर त्याच्या फटाक्यापुढं आपण छाती काढून उभं राहायचं. संघ आवडतो असं म्हणणाऱ्यानं एवढं तरी करावं. जिंकलेल्यावर प्रेम करायला काय लागतं? ते तर फटाकेवाल्यांनाही ३१ जुलैला जमलं असतं.

आपण देशावर रागावलो आहोत, पण या सोळा पोरींवर नाही. देश म्हणून मला जर काही दाखवायचं असेल तर मी ते मैदान दाखवीन. गाडेवाल्याची, शिंप्याची, आदिवासीची, चांभाराची पोर एकमेकींना पास देतायत, आणि पास देताना कुणी कुणाची जात विचारत नाही. असा देश अजून व्हायचा आहे. तो होईस्तोवर ओरडत राहू.

जयभीम!